सपाट रेघ

तिसरी चिपही तशीच निघाली. थेंब टाकून वीस मिनिटं झाली, तरी पडद्यावरची हिरवी रेघ जागची हलली नाही.

"परत बघ," ढेंगळे म्हणाला. "एखादी वायर सैल असेल."

"वायर तूच लावलीयस."

रत्नाकर ढेंगळे आमच्या प्रयोगशाळेत यंत्राची इलेक्ट्रॉनिक बाजू बघायचा आणि त्याची वायर कधी सैल नसायची. मी टाकलेला थेंब जंतूंनी गच्च भरलेल्या नळीतला होता. आम्ही त्या नळीला कसोटीची नळी म्हणायचो. तो थेंब पडला की रेघ वर चढलीच पाहिजे. सोमवारी चढली होती. आज गुरुवार होता, आणि शनिवारी आम्हाला या चिपा घेऊन करंजखोंडच्या आश्रमशाळेत, तिथल्या विहिरीचं पाणी तपासून दाखवायला जायचं होतं.

दोन हजार आठ सालचा ऑगस्ट. मी नाशिकला पीएच.डी. करत होते, चौथं वर्ष संपत आलं होतं. माझं काम सांगायला सोपं होतं. नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा घ्यायचा आणि त्याच्यावर अँटिबॉडी बसवायच्या. या अँटिबॉडी एकाच जातीच्या जंतूला ओळखतात आणि धरून ठेवतात. पाण्यात तो जंतू असला की तो चिपेवर अडकतो, सिलिकॉनमधून वाहणारी वीज बदलते आणि पडद्यावरची रेघ चढते. पाणी प्रयोगशाळेत पाठवून आठ दिवस रिपोर्टची वाट बघायची, त्याऐवजी विहिरीच्या काठावर वीस मिनिटांत उत्तर.

अवघड होतं ते बसवणं. अँटिबॉडी सिलिकॉनला आपण होऊन चिकटत नाही. भिंतीला रंग देण्याआधी प्रायमर लावतात तसा मध्ये सायलेन नावाच्या रसायनाचा एक थर द्यावा लागतो. हे सायलेन हवेतल्या ओलाव्याने बिघडतं, म्हणून बाटली नायट्रोजन भरून, झाकण आवळून ठेवायची. दोन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी मला मामेबहिणीच्या साखरपुड्याला पिंपळगावला जायचं होतं. चारची एसटी होती. मी झाकण लावलं, पण आवळलं नाही. त्यानंतरच्या सोमवारी बाटली उजेडात धरली तर आतला द्रव किंचित गढूळ वाटला. काचच धुरकट असेल, अशी मी मनाची समजूत घातली आणि त्याच सायलेनवर बारा चिपा तयार केल्या.

या सोमवारी पहिली चिप तपासली तेव्हा रेघ झोकात वर गेली. माझे गाइड निमकर सर माझ्या पाठीमागे उभे होते. "वा, हेमांगी!" एवढंच म्हणाले. बाकीच्या चिपा आम्ही द्रावणात बुडवून ठेवल्या. त्या द्रावणात तीन दिवसांत तो गढूळ सायलेनचा थर सुटून आला होता, आणि थराबरोबर अँटिबॉडीही गेल्या होत्या. चिपा दिसायला चकचकीत होत्या. पण आता त्यांना काहीही ओळखता येत नव्हतं. घाणेरड्यातल्या घाणेरड्या पाण्यालाही त्या शून्यच दाखवणार होत्या.

"नव्या करायला किती दिवस?" ढेंगळेने विचारलं.

"नवी बाटली मुंबईहून येणार. दहा दिवस. वर काम चार दिवसांचं."

त्याने उठून प्रयोगशाळेचं दार लोटलं. "मग ऐक. ती विहीर महिन्याभरापूर्वी उपसलीय. दोनदा क्लोरीन टाकलंय. पाणी स्वच्छच असणार, बरोबर? चांगली चिप शून्य दाखवेल, आपली चिपही शून्यच दाखवेल. उत्तर एकच."

"पण ते आपल्या चिपेचं उत्तर नसेल."

"कोणाला कळणार? हा कार्यक्रम दोनदा पुढे ढकललाय. तिसऱ्यांदा ढकलला तर प्रकल्पाला मुदतवाढ मिळत नाही. सर मार्चमध्ये रिटायर होतात. तू कुठे जाणार? नवा गाइड, नवा विषय, पुन्हा पहिल्यापासून?"

बारापैकी उरलेल्या आठ चिपांतल्या चार मी वेगळ्या काढल्या आणि प्रवासाच्या डबीत ठेवल्या. ते माझ्याच हातांनी केलं.

शुक्रवारी सकाळी मी सरांना सांगायला गेले. खरंच सांगायलाच गेले होते. डॉ. शरच्चंद्र निमकर म्हणजे आमच्या विभागातला दरारा. आकड्यात एका दशांशाचा फेरफार केलेल्या विद्यार्थ्याला त्यांनी दुसऱ्या दिवशी टेबल रिकामं करायला लावलं होतं, ही गोष्ट नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात कानावर यायची. मी दारात उभी राहिले तेव्हा ते फोनवर बोलत होते. त्यांनी हातानेच बसायची खूण केली.

"हो हो, कुलथे साहेब, यंत्र तयार आहे. नाही, मी नाही, आमची हेमांगी साळवी करून दाखवेल. सगळं तिचंच आहे." त्यांनी फोन ठेवला. "आरोग्य खात्याचे कुलथे स्वतः येतायत. तू काय म्हणत होतीस?"

"सर, चिपांबद्दल..."

"त्याआधी हे बघ." त्यांनी खणातून एक कागद काढला. बंगळूरच्या एका संस्थेला माझ्यासाठी लिहिलेलं शिफारसपत्र होतं. 'हिच्या हातचं काम मी पुन्हा तपासत नाही,' असं एक वाक्य त्यात होतं. मी ते वाचलं आणि कागद परत दिला.

"आता बोल. चिपांचं काय?"

"चार घेतल्यात," मी म्हटलं. "पुरतील ना?"

"पुरतील की."

मी बाहेर व्हरांड्यात आले. परत आत जायला दहा पावलं होती. मी ती दहा पावलं दिवसभर मोजत राहिले.

शनिवारी सात वाजता निघालो. ढेंगळे आला नाही, त्याला ताप होता म्हणे. ड्रायव्हरशेजारी सर, मागे मी, मांडीवर यंत्राची पेटी. दिंडोरी सुटल्यावर सरांनी मान मागे न वळवता विचारलं, "निघण्यापूर्वी एका चिपेची कसोटी घेतलीस ना?"

"हो सर."

इतकं पटकन तोंडातून गेलं की मलाच नवल वाटलं. आतापर्यंत मी फक्त बोलले नव्हते. आता खोटं बोलले होते. सापुताऱ्याच्या दिशेने रस्ता चढायला लागला. काचा बंद होत्या, बाहेर धुकं, आणि मला गाडीचं दार उघडून कुठेतरी उतरून पळावंसं वाटत होतं. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता सांगू. वळण जायचं. मग वाटायचं, पुढच्या गावात चहाला थांबलो की सांगू. थांबलो. सरांनी माझ्यासाठी भजी मागवली. मी भजी खाल्ली.

करंजखोंडची आश्रमशाळा मुलींची होती. दोनशेच्या वर मुली. जुलैच्या सुरुवातीला तिथे जुलाबाची साथ आली, अकरा जणींना सुरगाण्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून आवारातली विहीर बंद होती. विहिरीवर फळ्या टाकून वर दगड ठेवले होते. पाणी खालच्या झिऱ्यावरून, पाझराच्या खड्ड्यावरून, आणायचं, उतरायला अर्धा तास, चढायला त्याहून जास्त, आणि पायवाट सगळी शेवाळलेली. अधीक्षिका भोये बाई आम्हाला घ्यायला फाटकापर्यंत आल्या. पन्नाशीच्या, सडपातळ, पदर खोचलेला.

"लई वाट पाहिली सर तुमची," त्या म्हणाल्या. "परवा आठवीतली एक पोर हंड्यासकट घसरली. मनगट मोडलं. पोरी रोज विचारतात, बाई, विहीर कवा उघडायची?"

"आज कळेल," सर म्हणाले.

व्हरांड्यात टेबल मांडलं होतं, वर धुतलेली चादर. कुलथे साहेब खुर्चीत बसले होते. मुली पायऱ्यांवर, खाली अंगणात, खिडक्यांत, जिथे जागा मिळेल तिथे. भोये बाईंनी स्वतः फळ्या सरकवून पाणी शेंदलं आणि लोटा माझ्यासमोर ठेवला.

मी पेटी उघडली. चिप लावली. थेंब टाकला. सर सोप्या शब्दांत समजावून सांगत होते: ही रेघ वर गेली तर पाण्यात जंतू आहेत, इथेच राहिली तर पाणी चांगलं. वीस मिनिटं दोनशे मुली त्या रेघेकडे बघत राहिल्या. पुढच्या ओळीतल्या काही जणींनी हात जोडले होते.

रेघ सपाट राहिली.

"झालं?" भोये बाईंनी विचारलं.

"झालं," सर म्हणाले. "शून्य."

आधी कुठूनतरी एक टाळी आली, मग सगळं आवार टाळ्यांनी भरून गेलं. कुलथे साहेब हसत उठले. "आमच्या सरकारी प्रयोगशाळेचा रिपोर्ट यायचा तेव्हा येईल. तो कागदाला लागेल. पण शास्त्रज्ञांनी सांगितलंय तर आता पोरींना कशाला झिऱ्यावर पाठवायचं? उघडा विहीर."

मुली धावल्या. फळ्या निघाल्या, दगड बाजूला गडगडले. कोणी कळशा आणल्या, कोणी जेवणाची भांडीच घेऊन आलं. भोये बाईंनी पहिली बादली काढली, स्टीलचा पेला भरला आणि पदराने खालून पुसून सरांपुढे धरला.

"पहिला मान तुमचा."

सरांनी पेला घेतला. माझ्याकडे बघून हसले. चार वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मग त्यांनी पेला ओठांकडे नेला.

"सर, पिऊ नका."

माझा आवाज मोठा नव्हता, पण ऐकू गेला. सरांचा हात थांबला.

"का?"

"कसोटीची नळी टाकून बघा. याच चिपेवर."

"सकाळी टाकलीस ना?"

मी मान हलवली. नाही म्हणून. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, थोडा वेळ तसंच राहिलं. मग त्यांनी पेला टेबलावर ठेवला, खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि पेटीतली नळी स्वतः उघडली. थेंब त्यांनीच टाकला.

"कोणी पाणी पिऊ नका," ते मोठ्याने म्हणाले. "वीस मिनिटं थांबा."

पुन्हा वीस मिनिटं. या वेळी मुली रेघेकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. कुलथे साहेब मोबाइल काढून उगीच बटणं दाबत राहिले. सर उभेच होते, दोन्ही हात टेबलावर टेकून.

रेघ हलली नाही.

"म्हणजे काय झालं?" कुलथे साहेबांनी विचारलं.

सर भोये बाईंकडे वळले. "बाई, या नळीत नुसते जंतूच आहेत. यंत्राला तेही दिसले नाहीत. म्हणजे यंत्र आंधळं आहे. तुमच्या विहिरीबद्दल आज आम्हाला काहीही माहीत नाही. ती चांगली असेल, वाईट असेल. रिपोर्ट येईपर्यंत बंद ठेवा. चूक माझी आहे. यंत्र तपासून आणायची जबाबदारी माझी होती."

"सर, तुमची नाही..." मी म्हणाले.

"तू थांब."

भोये बाई माझ्याजवळ आल्या. रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "ताई, तुम्हाला आधी ठाऊक होतं?"

"हो."

"अन् मग थेंब कशाला टाकला?"

मी चिप काढून डबीत ठेवली. त्या मागे वळून म्हणाल्या, "चला पोरींनो, सांडा ते." मुलींनी भरलेल्या कळशा अंगणात ओतल्या. फळ्या परत विहिरीवर गेल्या. आम्ही पेटी बांधत होतो तेव्हा मोठ्या मुलींची रांग रिकामे हंडे घेऊन झिऱ्याच्या वाटेला लागली होती.

परतीच्या तीन तासांत सरांनी एकच प्रश्न विचारला. "कधीपासून माहीत होतं?"

"गुरुवारपासून," मी म्हटलं आणि बाटलीच्या सैल राहिलेल्या झाकणाचंही सांगितलं.

त्यानंतर नाशिक येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मला वाटत होतं की आता ओरडतील, आता टेबल रिकामं कर म्हणतील. त्यांनी ओरडावं म्हणून मी अक्षरशः वाट बघत होते. संस्थेच्या फाटकाशी उतरताना त्यांनी फक्त पेटी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः आत नेली.

पुढचा आठवडा मी रोज गेले. टेबल आवरून ठेवलं होतं, वह्या खोक्यात भरल्या होत्या. कोणी बोलावलं नाही. मुदतवाढ मिळणार नाही हे मंगळवारी कळलं. ढेंगळे माझ्याशी बोलत नव्हता. बोलला तो थेट पुढच्या सोमवारी. हातात फॅक्सचा कागद होता.

"करंजखोंडचा रिपोर्ट," तो म्हणाला. "पाणी स्वच्छ. एकही जंतू नाही. मी काय सांगत होतो तुला? त्या पोरी उगाच नऊ दिवस झिऱ्यावर गेल्या. सरांचा प्रकल्प गेला. तुझं वर्ष गेलं. आणि विहीर चांगलीच होती."

मी कागद घेतला आणि सरांच्या खोलीत गेले. त्यांनी तो दोनदा वाचला.

"चांगलं झालं," ते म्हणाले.

"सर, ढेंगळे म्हणतो मी बोलायला नको होतं."

"त्यालाही माहीत होतं?"

"हो."

"म्हणजे दोघांना माहीत होतं. मला सोडून." त्यांनी चष्मा काढला. "त्या शुक्रवारी तू हेच सांगायला आली होतीस. आणि चिपा पुरतील का, असं विचारून गेलीस."

"तुम्ही ते पत्र दाखवलंत, सर. मग मला जमेना. आणि मला वाटलं, तुम्ही मला हाकलून द्याल. नाहीतर..."

"नाहीतर काय?"

हे मी कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं. स्वतःशीही नाही. "नाहीतर म्हणाल, असू दे, तशाच घेऊन चल."

सरांनी हातातला चष्मा टेबलावर ठेवला.

"तुला जास्त भीती कशाची होती?"

"त्या दुसऱ्या उत्तराची," मी म्हणाले. आणि मग मला रडू आलं. तेवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

त्यांनी मला रडू दिलं. मग हळूच म्हणाले, "मी काय म्हणालो असतो, हे मलाही माहीत नाही हेमांगी. गेले नऊ दिवस हाच विचार करतोय. सात महिने राहिले होते माझे. दोनदा कार्यक्रम पुढे गेलेला. कदाचित फोन करून रद्द केलं असतं. कदाचित म्हणालो असतो, विहिरीत क्लोरीन टाकलंय, चल जाऊ या. चौतीस वर्षं मी स्वतःला पहिल्या प्रकारचा माणूस समजत आलोय. खरोखर आहे का, हे कळायची एक वेळ आली होती. तू मला विचारलंच नाहीस. माझं उत्तर तूच ठरवून टाकलंस."

"सर, मला माफ करा."

"झाकणाची माफी नको मागूस. माणूस बाटलीचं झाकण विसरतो." ते उठले, खिडकीपाशी जाऊन परत आले. "तुझे विद्यार्थी असतील कधीतरी. त्यांना तुझ्याबद्दल हेच वाटत असेल, तर ते तुला कळणार कसं, याचा विचार करून ठेव. मी केला नव्हता."

मग त्यांनी रिपोर्टचा कागद आणि टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. "शाळेला कळव. कुलथ्यांचं पत्र पोहोचायला आणखी आठ दिवस लागतील."

"मी? सर, तुम्ही बोललात तर..."

"तूच."

शाळेच्या कचेरीत फोन बराच वेळ वाजला. मग भोये बाईंचा आवाज आला. मी नाव सांगितलं.

"बाई, रिपोर्ट आला. सरकारी प्रयोगशाळेचा. विहिरीचं पाणी स्वच्छ आहे. आता उघडायला हरकत नाही."

"नक्की?"

"नक्की. कागद माझ्या हातात आहे."

मागे मुलींचा कविता म्हणण्याचा आवाज येत होता.

"बरं," त्या शेवटी म्हणाल्या. "कळवलंत ते चांगलं केलंत, ताई. आजपासून मी पिते विहिरीचं. चार दिवस मीच पिते. मला काही झालं नाही, तर मग पोरींना देईन."

"बाई, पण रिपोर्ट..."

"रिपोर्ट असू द्या," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सर माझ्याकडे बघत होते. "काय म्हणाल्या?"

मी सांगितलं.

"बरोबर आहे त्यांचं," सर म्हणाले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि समोरची वही उघडली.